सभेचा शोध : गडचिरोली-चंद्रपूर परिसरातील दारूमुक्तीच्या आधारगटांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्याचा उल्लेख महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात जंगल, आदिवासी संस्कृती आणि दारूबंदी या तीन संदर्भांत वारंवार येतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला आणि अवघ्या अकरा वर्षांत, म्हणजे १९९३ मध्ये, लोकचळवळीच्या रेट्यामुळे तेथे शासनाने दारूबंदी लागू केली. या घटनेवर विपुल लेखन झाले आहे. मात्र ते बहुतांशी दुकाने, परवाने, महसूल, अवैध विक्री आणि कायद्याची अंमलबजावणी या प्रश्नांभोवती फिरते. ज्या माणसाला दारू सोडावयाची आहे त्याने कोणाकडे जावे, कोणासमवेत बसावे आणि कोणाशी बोलावे, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे.

दारूच्या आहारी गेलेल्या व्यक्तींनी नियमितपणे एकत्र जमावे, आपापला अनुभव सांगावा आणि परस्परांच्या आधाराने व्यसनापासून दूर राहावे, या पद्धतीस आधारगट असे म्हणतात. शहरी महाराष्ट्रात ही पद्धत आता परिचित आहे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार आणि घनता दर चौरस किलोमीटरला केवळ ७४ आहे, तेथे अशा सभेचे स्वरूप काय असू शकते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) आधारगट या संकल्पनेच्या उगमाचा व भारतातील आगमनाचा आढावा घेणे.
२) दारू सोडण्यासाठी एकत्र जमण्याच्या देशी परंपरांचा शोध घेणे.
३) गडचिरोलीतील दारूमुक्ती चळवळ आणि व्यसनोपचार यांतील संबंध तपासणे.
४) चंद्रपूरच्या अनुभवाशी त्याची तुलना करून काही निष्कर्ष मांडणे.

आधारगटाची संकल्पना : उगम आणि प्रसार

दारू पिणाऱ्यांनीच एकमेकांना दारू सोडण्यास मदत करण्याचा प्रयोग अमेरिकेत प्रथम मोठ्या प्रमाणावर १८४० मध्ये झाला. बाल्टिमोर शहरातील सहा मद्यपींनी 'वॉशिंग्टोनियन' या नावाने एक मंडळ स्थापन केले. आठवड्याच्या सभेत सदस्यांनी स्वतःची कहाणी सांगावी, एवढीच त्याची रीत होती. हे मंडळ विलक्षण वेगाने वाढले आणि काही वर्षांतच विस्कळीत झाले. व्यसनी माणसाला आधार देणे हे मूळ प्रयोजन मागे पडले आणि सदस्य दारूबंदीच्या कायद्यासह तत्कालीन सार्वजनिक वादांत ओढले गेले, हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेचा जन्म १९३५ मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या गावी झाला. न्यूयॉर्कमधील शेअर व्यवसायातील बिल विल्सन हे एका फसलेल्या व्यवहारानिमित्त तेथे आले होते. त्यांची दारू काही महिन्यांपूर्वीच सुटलेली होती आणि ती पुन्हा सुरू होण्याची भीती त्यांना वाटू लागली. हॉटेलातील दूरध्वनीवरून त्यांनी गावातील चर्चच्या धर्मोपदेशकांशी संपर्क साधला आणि आपल्यासारख्याच एखाद्या मद्यासक्त माणसाशी बोलण्याची इच्छा व्यक्त केली. या खटाटोपातून त्यांची डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदांशी भेट घडली. डॉ. स्मिथ यांनी अखेरचा प्याला घेतला तो दिवस, १० जून १९३५, हा संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. म्हणजेच आज जगभर पसरलेल्या या संघटनेचा आरंभच मुळी 'बोलण्यासाठी एक माणूस शोधणे' या कृतीतून झाला, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९३९ मध्ये संघटनेचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यातून 'बारा पायऱ्या' मांडल्या गेल्या. संघटनेच्या कारभाराची 'बारा परंपरा' ही तत्त्वे १९५० मध्ये स्वीकारण्यात आली. त्यांपैकी तीन तत्त्वे येथे लक्षात घ्यावयास हवीत. सदस्यत्वासाठी दारू सोडण्याच्या इच्छेखेरीज अन्य कोणतीही अट नाही. सदस्यांची ओळख गुप्त ठेवली जाते. तिसरे म्हणजे बाहेरच्या कोणत्याही सार्वजनिक वादावर संघटना मतप्रदर्शन करीत नाही. दारूबंदी असावी की नसावी, या प्रश्नावरही ती मौन बाळगते. वॉशिंग्टोनियन मंडळाच्या अनुभवापासून घेतलेला हा धडा होता. १९५१ मध्ये व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' ही स्वतंत्र संघटना उभी राहिली.

भारतात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे कार्य १९५७ मध्ये सुरू झाले. मुंबईसारख्या महानगरात त्यास लवकर प्रतिसाद मिळाला. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्रे येथे कृपा फाउंडेशनची स्थापना केली. मराठी समाजात मात्र ही पद्धत घरोघरी परिचित झाली ती प्रामुख्याने पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ मध्ये हे केंद्र सुरू केले. मुक्तांगणने औषधोपचारास गटचर्चा, पाठपुराव्याच्या सभा आणि पत्नींसाठी 'सहचरी' गट यांची जोड दिली. व्यसनमुक्त झालेला माणूसच पुढे समुपदेशक होतो, ही तेथील रीत आधारगटाच्या मूळ तत्त्वाशी सुसंगत आहे.

या पद्धतीच्या परिणामकारकतेविषयी दीर्घकाळ मतभेद होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी यांच्या आधारे असे आढळले की, संपूर्ण मद्यत्याग टिकविण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांवर आधारित पद्धतशीर उपक्रम अन्य मान्यताप्राप्त मानसोपचारांच्या तोडीचे किंवा त्यांहून काहीसे सरस ठरतात. परंतु हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य समाजातील आहेत. ठरलेली जागा, ठरलेला वार, सभेपर्यंत नेणारे वाहन आणि अनोळखी माणसांचा समूह या गोष्टी त्यांत गृहीत धरलेल्या आहेत. गडचिरोलीत यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

एकत्र जमून दारू सोडण्याच्या देशी परंपरा

सामूहिक मद्यत्याग ही कल्पना भारतीय समाजास अपरिचित होती असे मानणे योग्य ठरणार नाही. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घालणे म्हणजे मद्य-मांस सोडण्याचा जाहीर संकल्प करणे होय. आणि तो टिकविण्यासाठी दिंडी, भजन आणि एकादशी यांचा सहवास उपलब्ध असतो. आदिवासी समाजातही अशी उदाहरणे आढळतात. १९२०-२२ च्या सुमारास पालघर-वसईच्या किनारपट्टीवर उगम पावलेली 'देवी'ची चळवळ दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पोहोचली. मांडवात जमलेल्या लोकांना अंगात आलेल्या व्यक्तीच्या मुखातून दारू सोडण्याची आज्ञा मिळे. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा सविस्तर अभ्यास केला असून, दारूची दुकाने व सावकारी यांवर मालकी असलेल्या पारशी वर्गाच्या आर्थिक वर्चस्वाविरुद्धचा आदिवासींचा प्रतिकार तिच्यात व्यक्त झाला, असे ते दाखवितात. खानदेशातील तळोदा परिसरात १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुलाम महाराजांच्या प्रेरणेने भिल्ल समाज आरतीसाठी मोठ्या संख्येने जमू लागला आणि दारू सोडणे हा त्या आचारधर्माचा भाग बनला.

विदर्भाच्या पूर्व भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) कार्याचा प्रभाव विशेष आहे. चिमूर परिसराशी त्यांचा निकटचा संबंध होता. गुरुदेव सेवा मंडळाच्या माध्यमातून गावोगाव चालणारी सामुदायिक प्रार्थना हे नियमितपणे भरणाऱ्या सभेचेच एक रूप होय. व्यसनमुक्ती हा त्यांच्या खंजिरी भजनांचा आणि ग्रामोद्धाराच्या विचारांचा कायमचा विषय होता.

तथापि या परंपरा आणि आधारगट यांत एक मूलभूत भेद आहे. देशी परंपरेत माणूस देवासमोर किंवा गुरूसमोर शपथ घेतो. शपथ मोडल्यास तो पापाचा किंवा अपराधाचा धनी होतो. आधारगटात व्यसन पुन्हा सुरू झालेल्या माणसालाच सभेची सर्वाधिक गरज आहे असे मानले जाते, आणि त्याने परत यावे यासाठी दार उघडे ठेवले जाते. शपथेच्या परंपरेत परत येण्याची ही वाट अरुंद असते. गडचिरोलीतील पुढील घडामोडी समजून घेण्यासाठी हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

मोहाची दारू : संस्कृती, अबकारी आणि बाजार

गोंड, माडिया आणि अन्य आदिवासी समाजांच्या जीवनात मोहाच्या झाडाला अनन्यसाधारण स्थान आहे. मार्च-एप्रिल महिन्यांत रात्री गळून पडलेली फुले पहाटे वेचली जातात. ती वाळवून अन्न म्हणून, गुरांना खाद्य म्हणून आणि विक्रीसाठी उपयोगात येतात, तसेच त्यांपासून दारूही गाळली जाते. जन्म, विवाह, मृत्यू आणि सण-पंडुम या प्रसंगी देवाला व पूर्वजांना ती अर्पण करण्याची प्रथा आहे. येथे पिणे ही सामूहिक आणि प्रसंगविशिष्ट कृती होती.

ब्रिटिश राजवटीत चांदा जिल्हा मध्य प्रांतात समाविष्ट होता. अबकारी महसुलासाठी दारू गाळण्याचा व विकण्याचा मक्ता दिला जाऊ लागला. १९१५ च्या मध्य प्रांत अबकारी कायद्याने ही व्यवस्था अधिक बांधीव केली. परिणामी घरी दारू गाळणारा आदिवासी गुन्हेगार ठरला आणि मक्तेदाराच्या गुत्त्यावर पैसे देऊन पिणारा मात्र कायदेशीर ग्राहक बनला. स्वातंत्र्योत्तर काळात मूळचा मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा पुढे विदर्भातही लागू झाला. नावात दारूबंदी असली तरी परवान्यांच्या तरतुदींमुळे तो दीर्घकाळ महसुलाचे साधन राहिला.

१९८० च्या दशकापर्यंत मोहाच्या दारूचे स्वरूप पालटले होते. विक्रीसाठी गाळल्या जाणाऱ्या दारूत गूळ व अन्य पदार्थ मिसळू लागले, परवानाधारक देशी दारूची दुकाने तालुक्यांच्या गावी वाढली आणि पिणे हे सणापुरते न राहता दररोजचे झाले. ज्या समाजात दारू ही देवाघरची वस्तू होती, त्याच समाजात ती मजुरी संपविणारी वस्तू बनली. या स्थित्यंतराची किंमत प्रामुख्याने स्त्रियांनी मोजली, आणि म्हणूनच पुढील चळवळीचे नेतृत्वही त्यांच्याकडे गेले.

गडचिरोलीतील दारूमुक्ती चळवळ

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे कार्य सुरू केले. आरोग्याच्या कामात गावोगाव, विशेषतः स्त्रियांकडून, दारू हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न म्हणून पुढे येऊ लागला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दारूमुक्तीचे आंदोलन संघटित झाले. जिल्ह्यातील लोक दारूवर करीत असलेला खर्च आणि शासनाचा जिल्ह्यावरील विकासखर्च यांची तुलना हा आंदोलनाचा प्रभावी मुद्दा ठरला. आदिवासी भागात व्यापारी तत्त्वावर दारूविक्री होऊ नये, या केंद्र शासनाच्या १९७० च्या दशकातील धोरणाचाही आधार घेण्यात आला. अखेर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

याच काळात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावात एक वेगळा प्रयोग आकार घेत होता. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागातून तेथे अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा या दोन व्यवस्था विकसित झाल्या. गावात दारूविषयीचा निर्णय हा या ग्रामसभेच्या आरंभीच्या कसोट्यांपैकी एक होता. बहुमताने ठराव करून तो लादण्याऐवजी, पिणाऱ्या पुरुषांसह सर्वांची संमती मिळेपर्यंत चर्चा चालू ठेवण्यात आली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविणारे देशातील पहिल्या गावांपैकी एक म्हणून मेंढा प्रसिद्ध झाले. परंतु त्या यशामागील सहमतीची शिस्त ज्या आरंभीच्या निर्णयांतून घडली, त्यांत दारूचा निर्णयही होता, याची नोंद इतिहासाने घ्यावयास हवी.

मेंढ्याचे वैशिष्ट्य असे की, पिणारा माणूस तेथे चर्चेच्या वर्तुळात होता. जिल्ह्यातील अनेक गावांत मात्र चित्र वेगळे होते. स्त्रियांची संघटना एका बाजूस आणि पिणारे व विकणारे दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी झाली. हातभट्ट्या शोधणे, मोहसडवा नष्ट करणे, विक्रेत्यास समज देणे, प्रसंगी दंड करणे या कृतींनी विक्री घटली, स्त्रियांना बळ लाभले. पण ज्याला दारूवाचून हात कापण्याची अवस्था आली होती, त्याच्यासाठी त्या रात्री गावात काही सोय नव्हती.

येथे एक वैद्यकीय वास्तव लक्षात घ्यावे लागते. दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात पिणाऱ्या व्यक्तीची दारू अचानक बंद झाल्यास थरथर, निद्रानाश, झटके आणि भ्रमाची अवस्था उद्भवू शकते. योग्य उपचार न मिळाल्यास ती प्राणघातकही ठरते. म्हणजेच गाव दारूमुक्त होण्याच्या यशस्वी क्षणीच तेथील गंभीर व्यसनी माणूस सर्वाधिक धोक्यात असतो. केवळ पुरवठा बंद करणारी चळवळ त्याच्यासाठी अपुरी पडते, आणि केवळ औषध देणारा दवाखानाही पुरा पडत नाही. कारण औषधाने शरीर सावरल्यानंतर गावात परतलेल्या माणसास पुन्हा तेच मित्र आणि तीच संध्याकाळ भेटते.

मुक्तिपथ : उपचार गावापर्यंत

या जाणिवेस संस्थात्मक रूप मिळाले ते २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' या उपक्रमातून. महाराष्ट्र शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून सुरू झालेल्या या जिल्हाव्यापी उपक्रमाने दारूबरोबरच तंबाखू आणि खर्रा यांचाही विचार केला. जनजागृती, गाव संघटन, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनोपचार ही त्याची चार अंगे होत. यांतील चौथे अंग प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचार क्लिनिक आणि गावपातळीवरील उपचार शिबिरे यांमुळे, शोधग्राम येथील केंद्रापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या माणसापर्यंत उपचार पोहोचू लागला.

जिल्ह्याच्या भूगोलाचा विचार केल्यास या विकेंद्रीकरणाचे महत्त्व स्पष्ट होते. सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण जिल्हा मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटर अंतरावर आहे. भामरागड व एटापल्ली तालुक्यांतील अनेक गावे पावसाळ्यात नाल्यांच्या पुरामुळे संपर्काबाहेर जातात. धानाच्या रोवणीच्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरी सोडून दर आठवड्याला सभेस जाणे श्रमिकास परवडत नाही. भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मराठीसोबत गोंडी, माडिया, छत्तीसगढी, तेलुगू आणि बंगाली बोलणारे लोक या जिल्ह्यात राहतात. स्वतःच्या दुःखाविषयी बोलण्याची भाषा जर परकी असेल, तर आधारगटाचा पायाच डळमळीत होतो.

गावपातळीवरील शिबिर हे पाश्चात्त्य अर्थाने आधारगट नव्हे. तेथे अनामिकता नसते. शेजारच्या घरातील माणूस शेजारीच बसलेला असतो, समुपदेशक गावाला ठाऊक असतो आणि शिबिर भरविण्यात गाव संघटनेच्या स्त्रियांचा पुढाकार असतो. तथापि, उपचारासाठी येणे हे रुग्णाच्या इच्छेवर अवलंबून ठेवणे आणि एकाच गावातील अनेकांनी एकाच वेळी दारू सोडण्याचा प्रयत्न करणे, या दोन वैशिष्ट्यांमुळे त्यास आधारगटाचे गुण प्राप्त होतात. शहरातील माणूस सभेपुरता सोबत्यांना भेटतो. गावातील माणसाला त्याचा सोबती दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावरही भेटतो.

आधार आणि कायदा यांतील ताण

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने दारूबंदीच्या वादापासून स्वतःस कटाक्षाने दूर ठेवले. गडचिरोलीत याच्या नेमके उलट घडले. येथे उपचाराची व्यवस्था दारूबंदीच्या चळवळीच्या कुशीतून जन्मास आली. याचा लाभ असा की, गावात मागणी आणि पुरवठा या दोहोंवर एकाच वेळी काम होऊ शकते. उपचार घेऊन आलेल्या माणसाच्या वाटेत गुत्ता उभा नसेल, तर त्याचा संकल्प टिकण्याची शक्यता वाढते.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात परवान्याविना मद्यप्राशन हा गुन्हा ठरतो. अशा स्थितीत सभेत उभे राहून 'मी पितो' असे म्हणणे म्हणजे एका परीने अपराधाची कबुलीच होय. ऐकणाऱ्यांत दंड आकारणाऱ्या समितीचे सदस्यही असतील, तर बोलणारा मोकळेपणाने बोलू शकेल काय? विकणारा आणि पिणारा यांत गाव संघटना जेवढा स्पष्ट भेद करील, तेवढी उपचाराची वाट मोकळी राहील. स्त्री व्यसनी असेल तर संकोच अधिकच वाढतो. आंदोलनाने स्त्रीला दारूविरोधी लढवय्यी म्हणून पाहिले, तिच्या स्वतःच्या व्यसनाची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे आणि रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. एकच माणूस एका कायद्याने रुग्ण आणि दुसऱ्या कायद्याने आरोपी ठरतो, ही विसंगती दारूबंदीच्या जिल्ह्यात विशेष तीव्रतेने जाणवते. पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६ अर्थात पेसा कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार दिला असून महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. या अधिकारात नियमनाचाही अंतर्भाव असल्यामुळे देवाला वाहण्यापुरती दारू आणि विक्रीसाठी गाळलेली दारू यांत भेद करण्यास, तसेच दंडापूर्वी उपचाराची संधी देण्यास ग्रामसभेला वाव मिळतो.

चंद्रपूरचा अनुभव : एक तुलना

चंद्रपूर जिल्ह्यातही दारूबंदीची मागणी स्त्रियांच्या आंदोलनातून पुढे आली. 'श्रमिक एल्गार' संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूर विधानभवनाच्या दिशेने हजारो स्त्रियांची पदयात्रा निघाली. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल, अवैध दारूविक्रीत व गुन्ह्यांत झालेली वाढ आणि बुडालेला महसूल यांची कारणे त्या वेळी चर्चेत आली.

दोन्ही जिल्ह्यांची सामाजिक रचना सर्वस्वी समान नाही. चंद्रपूर हा कोळसा खाणी, वीजनिर्मिती, सिमेंट व कागद उद्योग यांचा जिल्हा असून तेथील नागरी लोकसंख्या मोठी आहे. तथापि एक फरक नोंदविण्याजोगा आहे. चंद्रपूरमधील सहा वर्षांत सार्वजनिक चर्चा प्रामुख्याने बंदी यशस्वी की अयशस्वी या द्वंद्वातच अडकली; व्यसनी माणसाच्या उपचाराचा प्रश्न त्या चर्चेच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. गडचिरोलीत २०१६ नंतर बंदीसोबत उपचाराची एक रचना उभी राहिली. २०२१ मध्ये गडचिरोलीतील बंदीच्या फेरविचाराचा विषय निघाला, तेव्हा मोठ्या संख्येने गावांनी ती कायम ठेवण्याच्या बाजूने ठराव केले. कायद्यामागे गाव संघटनांचे जाळे उभे असल्याचा हा परिणाम मानता येईल.

बंदी आली किंवा गेली तरी व्यसनी माणसाची सभेची गरज संपत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील मद्यावलंबी व्यक्तींपैकी सुमारे ३८ मागे एकासच कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळणाऱ्यांचे प्रमाण १८० मागे एक इतके अल्प आहे. दारू मिळते अशा आणि मिळत नाही अशा दोन्ही प्रदेशांना हे आकडे सारखेच विचार करावयास लावणारे आहेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) आधारगटाचा आत्मा म्हणजे समदुःखी माणसाने समदुःखी माणसाला शोधणे होय. अनामिकता, सभागृह आणि ठरलेला वार ही त्याची शहरी साधने आहेत. ती जशीच्या तशी वनप्रदेशात लागू करता येत नाहीत.

२) महाराष्ट्रात एकत्र जमून दारू सोडण्याची दीर्घ परंपरा आहे. मात्र ती शपथेवर आधारलेली असल्यामुळे घसरलेल्या माणसाला परत घेण्याची सोय तिच्यात कमी होती. आधुनिक व्यसनोपचाराने ही उणीव भरून काढली.

३) गडचिरोलीतील दारूमुक्ती चळवळीने पुरवठ्याविरुद्ध स्त्रियांची शक्ती उभी केली, पिणाऱ्या माणसास सहभागी करून घेण्याचे काम तुलनेने उशिरा, गावपातळीवरील उपचाराच्या रूपाने झाले. मेंढ्याची सर्वसहमतीची पद्धत या दृष्टीने मार्गदर्शक आहे.

४) बंदी आणि उपचार एकाच संघटनेच्या हाती असताना दंड आणि आधार यांची सरमिसळ होण्याचा धोका असतो. उपचारासाठी आलेल्या माणसाचे बोलणे कारवाईसाठी वापरले जाणार नाही, ही हमी गावाने स्पष्ट शब्दांत देणे आवश्यक आहे.

५) चंद्रपूरच्या अनुभवावरून असे दिसते की, उपचाराच्या रचनेशिवाय झालेली चर्चा कायद्याच्या यशापयशापुरती मर्यादित राहते.

२०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाच्या स्थापनेनंतर चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये एका शैक्षणिक छत्राखाली आली आहेत. इतिहास, समाजशास्त्र आणि समाजकार्य विभागांतील प्राध्यापकांना दारू सोडलेल्या व्यक्तींचा मौखिक इतिहास, त्यांची ओळख गुप्त राखून, संकलित करणे शक्य आहे. चळवळीच्या इतिहासात आजवर ठराव, मोर्चे आणि निर्णय यांची नोंद झाली. दारू सुटल्यानंतरची पहिली संध्याकाळ कोणाच्या सोबतीने गेली, याची नोंद अद्याप व्हावयाची आहे. आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरांत त्या संध्याकाळची वाट आजही पाहिली जात आहे.